उकळतं पाणी

चांगल्या चहाला निवलेलं पाणी द्यावं
हे शिझुओकात शेंबडं पोरही सांगेल.
परीक्षेच्या टेबलावर मात्र आम्ही उकळतंच ओततो.
तीन ग्रॅम पान, पांढरी वाटी, दयामाया नाही.
"गार पाण्यात सगळेच सभ्य असतात,"
हिराइवा-सान म्हणायचे.

सकाळी सहा. उत्तरेच्या खिडकीचा उजेड.
मी किटली धरायची, त्यांनी चमचा.
ते बोलायचे, मी वहीत उतरवायची.

कावाने: रंग जवळजवळ नाहीच,
वास मात्र दार न वाजवता आत येतो.
ओई नदीच्या वरच्या अंगाला
ऊन उशिरा पोचतं, धुकं उशिरा उठतं.
पानालाही कसली घाई नाही.

सायामा: थंडी सोसलेलं जाड पान,
भट्टीची आच अंमळ जास्तच.
जेवणाच्या शेवटी एकच वाक्य बोलणारा
आणि ते खरं ठरणारा काका.

उजीबद्दल ते कमी बोलत.
आपली जागा कुणी घेणार नाही
हे ठाऊक असलेल्या माणसाबद्दल काय बोलणार?

यामे: कोवळ्या मटाराची गोडी, मागे कुठेतरी समुद्र,
आणि घोट गिळल्यावर
जिभेवर बराच वेळ कुणीतरी बसून राहिल्यासारखं.

शेवटी चिरान. माझं गाव.
तिथे डोंगर उतरून सपाट होतात.
बाबा यंत्रावर बसून ओळीच्या ओळी कापतात,
आणि ज्वालामुखी खाकरला की
पानं आधी धुऊन घ्यावी लागतात, भांड्यांसारखी.
"फार हिरवा," हिराइवा-सान म्हणायचे,
"पहिल्या बाकावर बसून हात वर करणारा."
मी तेही उतरवायची.
त्यांच्या सगळ्यात खपाच्या मिश्रणात
तीस टक्के तोच असायचा,
हे वहीत कुठेच नव्हतं.

या वर्षी माघारी जाता जाता हिवाळ्याने
त्यांना अकरा दिवस अंथरुणात ठेवलं.
उठले, दाढी केली, टेबलाशी आले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, नव्या पानाच्या गर्दीत
माझ्या हातून चूक झाली:
तिसऱ्या वाटीत यामे, चौथीतही यामे.
उजीचं पाकीट मी फोडलंच नव्हतं.

जाळीच्या डावाने त्यांनी पानं उचलली, नाकाशी नेली.
तिसरी. "उजी. देवळामागची सावली."
चौथी. "यामे. यंदा जरा थकलेला."
मग वाफेकडे पाहत राहिले,
वाफ जेवढी टिकते त्याहून जास्त वेळ.

मी दोन्ही वाक्यं वहीत उतरवली.
वाट्या विसळल्या.
न फोडलेलं पाकीट ॲप्रनच्या खिशात
दिवसभर कुरकुरत राहिलं.

वाटलं, सांगावं. मग वाटलं, कुणाला?
त्यांच्या बायकोला, ज्या हल्ली भाजीत
दोनदा मीठ पडलं तरी बोलत नाहीत?

दुसऱ्या दिवशी चमचा माझ्या बाजूला होता.
दांडा माझ्याकडे वळवून ठेवलेला.
वही त्यांच्यासमोर.
पेनाचं टोपण उघडता उघडेना, मग उघडलं.
"पाकीट फोडलंस ना आज?" एवढंच म्हणाले.

कावाने मी सांगितला. सायामा सांगितला.
शब्द त्यांचेच होते, उसने;
त्यांनी लिहिलेच नाहीत.
पेन हवेत धरून थांबले.

चिरानची वाटी.
गावचं पाणी कसं लागतं ते मी विसरले होते.
"धुतलेला आहे," मी म्हटलं.
"आणि धुऊनही न गेलेलं काहीतरी."
"काय?"
"राख असावी."
"दोष?"

बाबा आठवले, टोपीच्या कडेला करडी रेघ.
दोष म्हणवेना. गुण म्हणणं खोटं झालं असतं.
"अजून सांगता येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी तेच लिहून घेतलं, शब्दाला शब्द,
शाळेतल्या मुलासारखं ओळ न सोडता,
आणि म्हणाले,
"पाणी ठेव परत. उकळतंच."